पायाळू कंप्युटर

कंप्युटर खोटं बोलत न्हाई, हे आमच्या गावाला कुणी सांगितलं देव जाणे! माझी बायको मालन तर आजबी शपथ घेऊन सांगते. ते डबडं चालू कुठून होतं, तेबी तिला ठाऊक न्हाई.

आमचं घर गावाच्या जुन्या टेकाडावर, भोकरदनच्या अल्याड, नदीच्या अंगाला. टेकाड म्हंजे निव्वळ पांढरी माती, अन् तिच्या पोटात जुनं गाव गाडलेलं. ती माती टाकली की शेत पिकतं, धाब्यावर पसरली की घर गळत न्हाई. म्हणून जो उठतो तो टोपलं घेऊन येतो. खालून पोखरून पोखरून माझी मागची भिंत पार कड्यावर आल्ती. मी हात जोडले, शिव्या दिल्या, टोपल्यांपुढं आडवा पडलो. "टेकाड काय तुझ्या एकट्याचं हाय का रं पुंजाराम?" म्हणायचे. त्यात माझा सख्खा भाऊ कडूबा सगळ्यांच्या पुढं.

अशात जालन्याहून उमा म्याडम आल्या. खापरं, मणी, जुन्या विटा बघायच्या अन् दोन हजार वर्षांमागचं गाव कंप्युटरवर उभं करायचं, हे त्यांचं काम. बटण दाबलं की माणूस त्या गावात फिरून येणार. "लोकांनी एकदा ते गाव डोळ्यांनी पाहिलं ना काका, की खणायला हात धजणार नाही त्यांचा," असं त्या म्हणाल्या. बुडत्याला काडीचा आधार! मी त्यांचं सगळं सामान बस थांब्यापासून डोक्यावर वाहिलं.

शाळेच्या खोलीत खिडक्यांना पोती लावून अंधार केला. भिंतीवर गाव उजळलं. नदीचा घाट, बैलगाड्या, कापडाची दुकानं, हस्तिदंत कोरणारे कारागीर. लोकांनी तोंडात बोटं घातली. मलाबी भरून आलं, खोटं कशाला बोलू? येवढं देखणं गाव आपल्या पायाखाली!

मंग म्याडमनी आम्हाला एका व्यापाऱ्याच्या घरात नेलं. कोपऱ्यात रांजण, रांजणात काठोकाठ नाणी. दारातून बाहेर आलो तर समोर नदीचं वळण, मागं महादेवाचा डोंगर.

कडूबा ओरडला, "आरं, ही तर बराबर आमच्या दादाच्या घराची जागा!"

"अहो, ते नुसतं कल्पनेनं केलंय," म्याडम घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या. "तिथं कुणाचं घर होतं, होतं की नव्हतं, कुणालाच माहीत नाही."

ऐकतंय कोण? आमच्याकडं पायाकडून जन्मलेल्या माणसाला पायाळू म्हणतात. त्याच्या डोळ्यात अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं, अशी समजूत. म्हातारी सोनूबाई उठली, कंप्युटरला हळदीकुंकू लावलं अन् म्हणाली, "ह्यो पायाळू हाय गं बाई!"

झालं! उजाडायच्या आत माझ्या घराखाली कुदळी वाजायला लागल्या. आधी निदान माती घेऊन जायचे, आता माती तिथंच फेकून आत आत शिरून राह्यले. भिंतीला हात जाईल येवढी भेग पडली. मी तसाच जालन्याला पळालो, लेकीच्या वयाच्या बाईच्या पाया पडलो. "म्याडम, तेवढं घर पुसा. तिथं काहीच न्हाई असं दाखवा. माझं छप्पर चाललंय हो!"

बिचारी रडकुंडीला आली. तिनं घर काढलं, तिथं गवत लावलं. परत गावात आली, परत पोती लावली, परत सगळं दाखवलं. माझ्या जागेवर नुसतं गवत. मला वाटलं, सुटलो बुवा.

"त्या दिवशी होतं," कडूबा सावकाश म्हणाला. "आज न्हाई. मंग काढलं कुणी?"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. म्याडम जीव तोडून समजावून राह्यल्या होत्या, पण आता त्यांच्याकडं बघतंय कोण? कडूबा म्हणाला, "बापाची जागा हाय, दादा. माझा वाटा मुकाट्यानं दे." भाऊ न्हाई, वैरी!

मी तिथून उठून घरी पळालो. मालन माझ्याआधीच पोचल्ती. चुलीपाशी बसून पहारीनं जमीन उकरत होती.

"मला तरी सांगायचं की हो," म्हणाली. डोळ्याला पाण्याची धार. "येवढा संसार केला तुमच्यासंगं, अन् मलाबी चोरून?"

"मालन, आगं कशाचं धन? तू तरी..."

"कंप्युटर काय खोटं बोलतो व्हय?"

माझं डोकंच फिरलं. दारात सगळं गाव गोळा झाल्तं. मी तिच्या हातची पहार हिसकली. "या! बघून घ्या सगळे!" चुलीखाली खणलं, उंबऱ्याखाली खणलं, देव्हारा उचलून त्याच्याखाली खणलं. खापरं निघाली, राख निघाली, बाकी बिलकुल काही न्हाई. मागची भिंत हादरली अन् धाडकन कड्याखाली गेली. अर्धं छप्पर तिच्यासंगं गेलं. भर दुपारचं ऊन माझ्या सैपाकघरात पडलं.

"झालं समाधान?" मी ओरडलो.

कडूबानं वाकून खड्ड्यात पाह्यलं.

"अजून खाली जा," म्हणाला.

अन् मालननं टोपलं माझ्याकडं सरकवलं.