पाणी छान आहे

हीटरवाल्याने घरामागच्या पोहण्याच्या तलावाभोवती एक फेरी मारली, काठावरचं एक पिवळं पान बुटाच्या टोकाने पाण्यात ढकललं आणि विचारलं, "काका, वापर रोजचा की कधीमधी?"

हा प्रश्न बाबांच्या अभ्यासात नव्हता. पाणी गॅसवर तापवावं, हीट पंपावर की सोलरवर, यावर ते कुणाशीही वाद घालायला तयार होते. पण घरात वाद घालायला उरली होती फक्त आई, आणि ती खुर्चीत बसून झाडाकडे बघत होती. मुलं परगावी गेल्यावरही हे नवरा-बायको एकमेकांना आई-बाबाच म्हणत. निवृत्तीनंतर हुद्दा चिकटून राहतो, तसं.

"सोलर बाद. त्या झाडाने तुमच्या छपराला सावलीत घेतलंय," हीटरवाला म्हणाला. "कधीमधी उतरणार असाल तर गॅस. झटपट तापवतो, पण रोज लावलात तर खिसा जाळतो. रोज पोहणार असाल तर हीट पंप. तो सावकाश तापवतो, पण मग थोड्या विजेत ऊब धरून ठेवतो. कुणी उतरणारच नसेल, तर मात्र तो पांढरा हत्ती."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने झाडाकडे.

या तलावाला आईचा एक कायदा होता: पाण्याला थंड म्हणायचं नाही. जो म्हणेल, त्याने सगळ्या घराचे ओले टॉवेल पिळून वाळत घालायचे. सकाळी पहिली उडी तिची. ओठ निळेजांभळे, दातावर दात वाजताहेत, आणि ही बाई घराकडे तोंड करून ओरडायची, "या रे, पाणी छान आहे!" मुलं रोज फसायची, फसायचं ठरवूनच धावत यायची. बाबा पायरीवर घोटाभर पाण्यात उभे राहून "अंदाज घेतोय" असं जाहीर करायचे आणि शेवटी टॉवेल पिळायचे. त्या दोरीवरच्या टॉवेलांतून टपटपणारं पाणी त्यांना अजून ऐकू यायचं.

मग मुलं गेली. मग आईचे गुडघे गेले. दोन हिवाळ्यांपूर्वी तिने पोहणं सोडलं.

"का गं? पाणी गार लागतं का?" बाबांनी विचारलं होतं.

"छे! पाणी छान आहे. कंटाळा आला."

इतकी वर्षं जे वाक्य धादांत खोटं म्हणून ऐकलं, त्यावर नेमका याच वेळी या पदवीधर माणसाने विश्वास ठेवला. परवा डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांना पोहणं उत्तम, पण गार पाण्यात अजिबात नको. तेव्हा कुठे उजेड पडला.

"काकू, तुम्हीच सांगा," हीटरवाला म्हणाला.

"यांना विचारा. हौस यांना आलीये."

"मग गॅसच घालू," बाबा पडेल आवाजात म्हणाले. "कधीमधी मुलं आली तर..."

आई उठली. गुडघ्यांवर हात टेकत तलावापर्यंत गेली, कठड्याला धरून पहिल्या पायरीवर उतरली. पाणी घोट्याला लागलं तशी तिने डोळे मिटले. आता ती घराकडे वळून नेहमीची हाक देईल, म्हणून बाबांनी वाट पाहिली.

"गार आहे," आई म्हणाली. "बर्फ आहे नुसता. पहिल्या दिवसापासून गारच होतं."

"टॉवेल पिळावे लागतील," बाबा कसंबसं म्हणाले.

"पिळीन. दोनच तर आहेत."

"दोन? दुसरा कुणाचा?"

"तुमचा. मी काय रोज एकटी पोहणार? आयुष्यभर अंदाज घेतलात, आता उतरा."

हीटरवाल्याने पेन काढलं. "म्हणजे काका..."

"हीट पंप," बाबा म्हणाले, आणि तिच्या शेजारी घोटाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. पाणी भयंकर थंड होतं.

"कसं आहे?" आईने विचारलं.

"छान आहे," बाबा म्हणाले.