आसट भात

"बूच तुटलं," सुदर्शन पुटपुटला. रविवारची दुपार होती. अमेरिकेहून आलेले त्याचे साहेब हॉलमध्ये ग्लास घेऊन बसले होते. त्याने बुचाचा भुसा गाळून वाइन ओतली, आधी स्वतः घोट घेतला आणि चेहरा असा केला की त्याच्या बायकोला, सुनीतीला, तोंड फिरवून हसावं लागलं.

दुसरी बाटली, तिसरी बाटली, सगळ्याच आंबट ढाण. पाहुणे बिचारे बिअरवर भागवून, जेमतेम जेवून गेले.

बाणेरच्या या बंगल्यातली उत्तरेकडची खोली आधी सुनीतीच्या वडिलांची होती. महिपतराव कसब्यातली जागा सोडून लेकीकडे आले ते दमा घेऊनच. त्यात भिंतीला ओल. तोंडाचं बोळकं झालेला म्हातारा अख्खा पावसाळा खोकत बसायचा.

"अरे, त्या भिंतीचं काहीतरी कर," सुनीती म्हणायची.

"सॉफ्टवेअरचं रिलीज होऊ दे गं, मग बघू."

रिलीज झालं तोवर बाबा गेले होते. दहाव्याला जावईबापू बंगळुरूला.

पुढे महिनाभरात त्याच भिंतीचं वॉटरप्रूफिंग झालं. खिडकी बुजली, वाइनच्या बाटल्यांसाठी लाकडी रॅक आले, गारवा राखणारं यंत्र आलं. गारव्याने हवा कोरडी पडते, म्हणून दमटपणा सोडणारं दुसरं यंत्रही आलं.

"हवा कोरडी पडली की बूच आक्रसतं आणि वाइन जाते," सुदर्शनने बजावलं. "टाकीत रोज पाणी घाल. नाजूक जीव आहेत हे."

नाजूक जीव! सुनीतीच्या डोक्यात तिडीक गेली ती कायमची. नवरा परदेशी असला की ती टाकीत थेंबभर पाणी घालायची नाही. तो यायच्या आदल्या दिवशी मात्र टाकी भरायची. दमटपणाच्या मीटरचा काटा जागेवर दिसला की स्वारी खूश. वर्षाहून जास्त काळ तिने हे नेटाने केलं, आणि देवपूजेतही मिळालं नव्हतं असं समाधान तिला त्यात मिळालं.

आता सुदर्शन त्या खोलीत फरशीवर बसला होता. एकेक बाटली उघडून हुंगत होता. त्याचे डोळे भरून आले होते. बाबांना नेलं तेव्हा हेच डोळे मोबाइलवर होते.

"पाणी घालत नव्हतीस?"

"नाही."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

केटररचं जेवण टेबलावर तसंच पडलं होतं. ते बाजूला सारून सुनीतीने स्वतः पिठलं-भात केला आणि ताट त्याच्यापुढे ठेवलं.

"हे काय?"

"कोणी गेलं की त्या घरी पिठलं-भात आणून देतात. बाबांच्या वेळी शेजारच्या हेमाताईंनी आणला होता. तू जेवायला नव्हतास."

सुदर्शनने मान खाली घातली. ती बघून सुनीतीला अगदी गार वाटलं. आज पोटभर जेवायचं ठरवून तिने आपलं ताट वाढलं आणि भातात हात घातला. भात आसट झाला होता, बिनदातांच्या माणसाला लागतो तसा. ती तशीच बसून राहिली.