पट एकोणीस

मित्रांनो, आयुष्यभर मुलं माझ्याकडे तोंड करून बसली. हे भाग्य ना कपाटाच्या वाट्याला आलं, ना खुर्चीच्या. डिंगोरे गावापासून थोड्या अंतरावर, उसाच्या फडांमध्ये, वस्तीवरची एक छोटी शाळा आहे. तिथला मी लाकडी फळा.

जुन्नरच्या मेहबूब मिस्त्रींनी सागवानी फळ्या जोडून मला घडवलं. पोरांच्या बोटात कूस जायला नको म्हणून त्यांनी मला तीन वेळा घासलं. दर उन्हाळ्यात मोठी पोरं कोळशाची पूड नि पाल्याचा रस चोळून मला काळाकुळकुळीत करत. तपासणीला आलेले साहेब आधी माझं कौतुक करत. मी थोडा चढलोही होतो, खोटं कशाला सांगू? पुढे पांढरा बोर्ड आला, टीव्ही आला आणि मला दाराशेजारी सरकवलं. माझा एक खिळा निखळला, तो कुणी परत ठोकला नाही. एक काम तेवढं माझ्याकडे राहिलं. रोज सकाळी माझ्या कोपऱ्यात 'पट' आणि 'हजर' लिहायचं. पट म्हणजे शाळेत नाव असलेली मुलं आणि हजर म्हणजे त्या दिवशी आलेली.

यंदा पट एकोणीस होता. त्यातला पहिलीतला समर्थ सगळ्यांत बुटका. दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी तो घरामागे उसाच्या कडेला खेळत होता आणि बिबट्यानं त्याला नेलं. शाळा चार दिवस बंद राहिली. उघडली तेव्हा शाळेचे एकटेच शिक्षक भरत गुरुजी डस्टर घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. आकडा न पुसताच डस्टर खाली ठेवून निघून गेले. हजेरीतलं नावही त्यांनी कापलं नाही. पट एकोणीसच लिहीत राहिले. मलाही ते बरंच वाटलं. पोर गेलं, निदान त्याचा आकडा तरी राहू दे.

तेराव्यानंतरच्या सोमवारी समर्थची बहीण अक्षदा शाळेत परत आली. चौथीतली पोर, दोन वेण्या, खाली मान. नेमक्या त्याच दिवशी हर्षाली आली. ती अवसरी खुर्दची, शिक्षिका व्हायचं शिकत होती. महिनाभर आमच्या शाळेत शिकवून बघायचं आणि गुरुजींनी शेरा द्यायचा, असा तिचा अभ्यास होता. गुरुजींना तीन दिवस प्रशिक्षणाला जायचं होतं. घाईघाईत हजेरी तिच्या हातात देऊन ते गाडीवर बसले. सांगायचं तेच सांगायचं राहिलं.

पोरगी गुणाची होती हो! तक्ते काय, कागदी बाहुल्या काय, पिशवी भरून साहित्य आणलेलं. तिनं नावं पुकारली. 'समर्थ' म्हटल्यावर वर्ग चिडीचूप झाला. नवीन बाईंपुढे बोलणार कोण? तिनं माझ्यावर सुबक अक्षरात लिहिलं, पट १९, हजर १८.

"ज्या दिवशी सगळेच्या सगळे याल, त्या दिवशी मी फळ्यावर मोठा तारा काढणार!" ती म्हणाली.

मंगळवारी पुन्हा अठराच. तिनं विचारलं, "हा समर्थ कुठे राहतो? त्याच्या जवळचं कोण आहे?"

सगळ्यांनी अक्षदाकडे पाहिलं. ती उभी राहिली. "मी, मॅडम. माझा भाव हाये."

"मग उद्या त्याला हाताला धरून घेऊन ये बरं. एकट्यासाठी सगळ्यांचा तारा अडलाय."

मला वाटलं, आता ती रडेल, कुणीतरी बोलेल. अक्षदा एवढंच म्हणाली, "हो, मॅडम." त्या वेळी माझ्या जिवाची जी काहिली झाली, ती कुणाला सांगू? जन्मभर लोकांनी माझ्यावर लिहिलं, मला स्वतःहून एक अक्षर लिहिता आलं नाही.

बुधवारी हर्षाली माझ्याकडे तोंड करून नावं पुकारत होती. समर्थचं नाव आलं.

"हजर," मागून आवाज आला.

हर्षालीचा चेहरा उजळला. तिनं झटक्यात हजर १९ लिहिलं आणि तारा काढायला खडू टेकवून मागे वळली. अक्षदा उभी होती. दप्तरातून तिनं फडक्यात गुंडाळलेला फोटो काढला होता. भिंतीवरचा, हार काढून आणलेला.

"हाताला धरून न्हाई आनता आलं, मॅडम," ती म्हणाली.

खिचडी शिजवणाऱ्या कुशाबाई दारातच होत्या. त्या धावत आत आल्या. "अवं बाई, त्याला बिबट्यानं न्हेला! तुमाला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

खडू खाली पडला. हर्षाली भिंतीला टेकून मटकन खाली बसली आणि पोरांसमोर हुंदके देऊन रडली.

गुरुवारी गुरुजी परतले, तेव्हा तिनं कॉलेजला द्यायचा अर्ज पुढे केला. "मला दुसरी शाळा द्या, सर. नाहीतर हे शिक्षणच सोडते. त्या मुलीपुढे उभं राहायची माझी लायकी नाही."

"चूक माझी आहे," गुरुजी म्हणाले. "पट पुसायला माझा हातच होईना. मी माझं दुःख जपत बसलो आणि त्यात तुम्ही सापडलात, ते लेकरूही सापडलं. जायचं तर जा. पण तिला न सांगता जाऊ नका."

शुक्रवारी सकाळी हर्षाली अक्षदासमोर गुडघ्यांवर बसली. "माझं चुकलं गं, बाळा."

अक्षदानं मान वर केली. "तुमी जानार हाये का? आमी कुनी बोललो न्हाई म्हून?"

हर्षालीनं तिला जवळ घेतलं. अर्ज पिशवीतच राहिला. मग गुरुजी डस्टर घेऊन माझ्याकडे आले, तर अक्षदा म्हणाली, "मी पुसते."

डस्टर तिनं घेतलंच नाही. टाचा उंचावून उघड्या तळव्यानं तिनं पटाच्या एकोणीसमधला तो नऊ पुसला. किती हळू पुसला! हर्षालीनं तिथं आठ लिहिला.

मित्रांनो, मला रंग द्या, खिळा ठोका, तुमची मर्जी. पण माझ्यावर आकडा मांडण्याआधी त्यातल्या प्रत्येक लेकराची चौकशी करा, एवढी या म्हाताऱ्याची विनवणी आहे.

दुपारी पोरं नळावर हात धुऊन ओसरीत जेवायला बसली. अक्षदा नळावर गेलीच नाही. खडूनं पांढरा झालेला उजवा हात मांडीवर मिटून ठेवून ती डाव्या हातानं खिचडी खाऊ लागली.

"आगं, उजव्या हातानं खा की!" कुशाबाई ओरडल्या.

"राहू द्या, मावशी," हर्षाली म्हणाली आणि आपलं ताट घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसली.