ठाण्यापासून घरापर्यंत

गोखिवऱ्याहून शहरातल्या बंदुकांच्या दुकानात पोचेपर्यंतच मी दमले होते. दुकानदाराने काउंटरवर तीन रायफली मांडल्या. पुतण्या मितेश मोबाइलवर सगळं वाचून आला होता. "काकी, आधी मूळ रायफल हलकी घेऊ. मग तिच्यावर छोटी दुर्बीण आणि पट्टा. रानात दिवसभर फिरलीस तरी ओझं वाटणार नाही."

रान आता राहिलंय कुठे? आमच्या वाडीत शेवटचं डुक्कर शिरलं तेव्हा ह्याचे काका जिवंत होते. पिकाच्या रक्षणाचा त्यांचा परवाना मग माझ्या नावावर झाला, आणि त्यांची जड दुनळी बंदूकही माझ्याच गळ्यात पडली.

मी एकेक रायफल खांद्यावर टाकून दारापर्यंत चालून आले. तिसरी घेऊन जिनाही चढले.

"आजी, नेम तरी धरून बघा," दुकानदार म्हणाला.

"नेम नको. पोलीस ठाण्यातून घरी न्यायची आहे."

निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची. निकालानंतर ती परत मिळते, पण दुनळी मला उचलवत नाही, म्हणून मी मितेशच्या सुट्टीची वाट बघत बसते. बंदूक भिंतीवर असली की बिल्डरची माणसं अंगणातूनच बोलतात. नसली की चपलांसकट ओटीवर चढतात, सहीचे कागद पसरतात आणि मलाच चहा टाकायला सांगतात.

"हीच द्या," मी म्हणाले. "पट्टा लावा. दुर्बीण नको, मला लांबचं काही बघायचं नाही."