डाव्या भिंतीनं

मी दुसरा बोलतोय. दुसरा कंट्रोलर. टीव्हीखालच्या फळीवर गेमचा जो काळा डबा असतो, त्याचे हात म्हणजे आम्ही. पहिला मालकाच्या मुठीत असतो. दुसरा पाहुण्यांसाठी. कुणी आलंच तर बाहेर काढायचा, एरवी धूळ खात पडून राहायचं.

आम्हाला एक चांगली सवय लावून दिलेली असते. हात निघाला की थोड्या वेळानं आम्ही आपोआप झोपतो. दिवा मालवतो, बॅटरी वाचते. मला मात्र झोप नाही. कुणी शिवलेलंही नसताना माझी डावी काडी, अंगठ्यानं ढकलून पडद्यावरचा माणूस चालवायची ती, जराशी डावीकडे ढकलली जाते. डब्याला वाटतं, कुणीतरी खेळतंय. तो मला जागा ठेवतो. खोलीत कुणी नसतं आणि माझा दिवा तेवत असतो.

जन्मतः मी असा नव्हतो. कारखान्यात एका यंत्रानं माझ्या दोन्ही काड्या गोल फिरवून सोडून दिल्या होत्या, आणि दोन्ही बरोबर मधोमध येऊन थांबल्या होत्या. हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझ्या पाठीवर तपासल्याची चिकटपट्टी लावली. त्या दिवशी मला कुठलीच दिशा नव्हती.

ज्या घरी मी आलो तिथले बाबा चष्मेवाले आहेत. घराखालच्याच रस्त्यावर त्यांचं छोटं दुकान आहे. नंबर तपासायचे, काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, वाकड्या दांड्या सरळ करून द्यायच्या. आई एका मोठ्या हॉटेलात खोल्या आवरायला होत्या. लेक शिकायला बाहेर गेली आणि नोकरी लागून तिकडचीच झाली. मी त्यांना लेकीसारखंच आई-बाबा म्हणतो. दुसरी नावं माझ्या कानावर आली नाहीत. ते एकमेकांना 'अगं' आणि 'अहो' म्हणत.

गेमचा नाद बाबांचा. दुकानाला सुट्टी असली की ते दुपारभर खेळत, आणि आई कामावरून येऊन गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसल्या की त्यांना तो गेम कसा वाटला ते सांगत. सांगण्याची एक रीत होती. आधी उजेड, मग हाताला कसा लागतो, आणि गोष्ट सगळ्यात शेवटी.

"उजेड चांगलाय," बाबा सांगत, "पण दिवा डावीकडे आणि सावलीपण डावीकडेच. पैसे घेऊन असलं करतात."

"तुम्हाला मारायला राक्षस धावतोय आणि तुम्ही त्याची सावली बघताय," आई म्हणत. "मेलात ना शेवटी?"

"मेलो. पण चूक त्यांचीच."

एकदा आईंनी टबातूनच हात पुढे केला. "द्या बघू तो दुसरा रिमोट."

"कंट्रोलर म्हणतात त्याला."

"बरं, कंट्रोलर. द्या तो रिमोट."

असा मी आईंच्या हातात गेलो.

त्या काही फार चांगल्या खेळत नसत. त्यांच्या हॉटेलात नव्या मुलींना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली जाई. दारापासून सुरुवात करायची, डाव्या हाताच्या भिंतीनं फिरत फिरत पुन्हा दाराशी यायचं, की खोलीतलं काही राहून जात नाही. आई त्या मुलींना शिकवून शिकवून स्वतःच तशा झाल्या होत्या. गेममध्ये किल्ला असो, गुहा असो, अवकाशयान असो, त्यांचा माणूस आत शिरला की डाव्या भिंतीला लागे. बाबांचा माणूस खोलीच्या मधोमध तलवार घेऊन जिवाच्या आकांतानं लढतोय, आणि आईंचा भिंतीभिंतीनं निघालाय.

"अगं, मदत कर की."

"आले हो. हा कोपरा राहिलाय."

आणि गंमत म्हणजे कोपऱ्यात काहीतरी सापडे. औषधाची बाटली, किल्ली, एखादं दार. बाबा कबूल करत नसत, पण थांबत असत.

चादरीचे कोपरे गादीखाली खोचून खोचून आईंच्या अंगठ्याला कडेनं घट्टा पडला होता. त्याच कडेनं त्या माझी काडी दाबत. वर्षानुवर्षं, डावीकडे. माझ्या रबराला तिथं खळगा पडला. आतली कार्बनची बारीक पट्टीही तेवढ्याच जागी घासली गेली. बाबा दुकानात गिऱ्हाइकांना सांगतात, जुनी फ्रेम दुसऱ्याला देऊ नका, ती एका नाकाची झालेली असते. माझं तसंच झालं. मी एका अंगठ्याचा झालो.

शेवटचा जो गेम त्यांनी मिळून सुरू केला, तो नेमका एका ओसाड हॉटेलाचा होता. वरून दिसणारे लांब व्हरांडे, बंद खोल्या, आणि दिव्याखाली उभं राहिलं की मागून येणारी एक सावली. दर मजल्याच्या टोकाला कुलूपबंद दार, आणि दाराच्या दोन बाजूंना, एकमेकींपासून लांब, दोन दोऱ्या. दोघांनी एकदम ओढल्या तरच ते उघडायचं. एकट्याचं काम नाही.

आईंना त्या सावलीची भीती वाटलीच नाही. "ही चादर बघा. किती दिवस बदललेली नाही. भूत कसलं, मुकादम झोपा काढत असणार."

तिसऱ्या मजल्यावर दोरीपाशी पोचताच त्यांनी मला मांडीवर ठेवलं. पाठीत दुखतंय म्हणाल्या. "जरा पडते. तुम्ही थांबा तिथंच. आलेच."

त्या संध्याकाळी त्यांना दवाखान्यात नेलं. परत आणलं नाही.

घरात बरीच माणसं आली आणि गेली. मग एका दुपारी बाबांनी डबा पुन्हा सुरू केला. पहिला हातात घेतला, आणि काय मनात आलं कोण जाणे, माझंही बटण दाबून मला आईंच्या जागेवर, उशीला टेकवून ठेवलं. हॉटेलाचा गेम त्यांनी उघडला नाही. नवीन आणला होता, बोटीवरून मासे पकडण्याचा. दोन नावाडी पडद्यावर आले. आणि दुसरा, ज्याला कुणी हातही लावलेला नव्हता, हळूहळू डावीकडे वळला आणि धक्क्याच्या कडेनं चालू लागला.

बाबांनी पहिला कंट्रोलर खाली ठेवला. पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला उचलून माझ्या काडीवर भिंग धरलं. त्यांना कळलं असणार. काच एका बाजूनं किती झिजली आहे हे सांगण्यातच त्यांचा जन्म गेलाय. त्यांनी मला परत उशीला टेकवलं.

"बरं," ते म्हणाले. "थांबतो."

त्यानंतरचे सगळे गेम आम्ही असेच खेळलो. खेळून झालं की बाबा माझ्याकडे तोंड करून सांगत, त्याच रीतीनं.

"पाण्यावरचा उजेड पहिल्यांदा कुणाला तरी जमलाय. पाण्याखालचं गवत मात्र वारा लागल्यासारखं हलतं, ते चूक. गळ ओढताना हाताला थरथर लागते, तुला आवडली असती. गोष्ट विशेष नाही. म्हाताऱ्याला शेवटी मोठा मासा मिळतो."

मग टेकडीवरच्या गावात पार्सलं पोचवायचा गेम आला. आईंचा माणूस पार्सल न घेताच निघाला आणि कुणाच्या तरी परसात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाबांनी सगळं गाव एकट्यानं पालथं घातलं आणि प्रत्येक फेरीला त्या परसापाशी जरा थांबले. मग घरं रंगवायचा आला. त्यात हातातला ब्रश सतत ओलाच असतो. बाबा दाराची घंटा वाजली म्हणून उठून गेले, आणि परत येऊन बघतात तर डावी भिंत खालपासून वरच्या कोपऱ्यापर्यंत एका पट्ट्यात रंगलेली. ते बराच वेळ उभेच होते.

मला माझ्या पोटातलं ठाऊक आहे. पट्टी झिजली की काडी खोटं सांगते, एवढंच. पण तो पट्टा पडद्यावर उमटत असताना खोलीत मी एकटा होतो, आणि माझ्या रबराच्या खळग्यात काहीतरी टेकल्यासारखं मला वाटलं. ते काय होतं, मला सांगता येत नाही.

बाबा दुकानातून लवकर घरी येऊ लागले. डबा ते आता बंदच करत नसत आणि मी झोपत नाही, म्हणून माझी बॅटरी भराभर उतरे. दुपारी एकदा वर येऊन ते मला चार्जिंगला लावून जात. लेक फोनवर आर्जवं करायची, थोडे दिवस माझ्याकडे या. बाबा हो म्हणत आणि जात नसत. खरं कारण त्यांनी तिला सांगितलं नाही. मला माहीत होतं. ते गेले असते तर मला चार्जिंगला कोण लावणार?

शेवटी लेकच आली. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच तिनं पडदा बघितला.

"बाबा, हा दुसरा आपोआप चालतोय."

"चालू दे."

"अहो, बिघडलाय तो. ड्रिफ्ट म्हणतात."

"माहितीये मला काय म्हणतात."

"मग दुरुस्त का नाही केला? तुम्ही स्वतः कराल की."

"सवय आहे त्याला ती."

लेक पिशवी उचलून आत गेली. पण दुसऱ्या दिवशी बाबा पार्सलवाल्या गावातल्या परसापाशी थांबून "अगं, चल, अंधार पडला" म्हणाले, ते तिनं स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं. त्यांचा डोळा लागल्यावर तिनं मला रुमालात गुंडाळलं आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेलं.

दुरुस्तीवाला तरणाबांड, बोलघेवडा. माझी पाठ उघडताना म्हणाला, "सगळ्यांचं होतं हे, ताई. जुनी काडी काढतो, नवीन टाकतो. चहा पिऊन या, तोवर एकदम मधोमध."

"बाबांच्या डोक्यातून जायला हवं हे," लेक म्हणाली. त्याला नाही, स्वतःलाच.

त्यानं माझ्या काडीची रबरी टोपी उपटून काउंटरवर ठेवली. मी पहिल्यांदाच भ्यालो. कारखान्यातला मधोमधपणा मला आठवला. तो पुन्हा मिळणार होता, झोपही मिळणार होती. आणि धक्क्याच्या कडेनं चालायला कुणी उरणार नव्हतं.

लेकीनं सहज टोपी उचलली. तिचा अंगठा खळग्यात बसला. मग तिनं ती खिडकीपाशी उजेडात धरली. खळगा गुळगुळीत नव्हता, त्याला एका कडेनं बारीक चर पडले होते.

"हा अंगठा वेणी घालताना टोचायचा," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. बंद करा. बदलू नका."

"अहो ताई, मग आणलात कशाला?"

"पुसून घ्यायला. पुसा आणि द्या."

ती घरी आली तेव्हा बाबा दारातच उभे होते. माझी जागा रिकामी बघून त्यांचा चेहरा उतरला होता. लेकीनं रुमाल सोडून मला त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी काडीवरून बोट फिरवलं, खळगा लागला, आणि ते खाली बसले.

"नाही बदलली," लेक म्हणाली. "पण एक मागते. ते हॉटेल कुठवर आलं होतं?"

"तिसरा मजला. दोरी ओढायची राहिली."

"मी ओढते."

"मने, ती म्हणाली होती, तुम्ही थांबा तिथंच."

"थांबलात की. किती थांबलात."

लेक आईंच्या जागेवर बसली. गेम उघडला, आणि दोघं माणसं तशीच होती, दोऱ्यांपाशी. आईंचा माणूस लगेच डावीकडे सरकू लागला, तसं लेकीनं मला धरून त्याला दोरीकडे वळवलं. मी डावीकडे ओढत होतो आणि ती उजवीकडे. सगळा वेळ आमची अशी ओढाताण चालली होती. मध्येच ती हसली. "बाबा, ही ऐकतच नाही."

"ती कधी ऐकायची?"

दोऱ्या एकदम ओढल्या गेल्या. दार उघडलं. वरचे मजले त्यांनी दोन दुपारींत संपवले. बाबा मधून लढत होते, लेक वैतागून डाव्या भिंतीनं जात होती आणि कोपऱ्यांतून किल्ल्या सापडत होत्या. शेवटी दोघं माणसं हॉटेलाच्या फाटकाबाहेर आली. मागं पहाट होत होती.

"सांगा की," लेक म्हणाली. "कसा वाटला?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे वळले. "उजेड शेवटचाच खरा आहे. आतला सगळा खोटा. हाताला..." ते थांबले. "हाताला जड लागतो. गोष्ट चांगली आहे."

लेकीनं मला उशीवर ठेवलं. हात निघाला, तसा पडद्यावरचा माझा माणूस डावीकडे वळला. फाटकाच्या खांबाला लागून, भिंतीच्या कडेनं, तो पुन्हा हॉटेलाकडे निघाला. त्याला थांबवायला लेकीचा हात पुढे झाला, आणि तिनं तो मागं घेतला. बाबांचा माणूस फाटकात उभा होता. आईंचा दाराआड गेला. व्हरांड्यातला एक दिवा लागला.

"एखादी खोली राहिली असेल," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, दार ओढून घेताना बोलतात तसं, "बरंय. येतो आम्ही."

आणि त्यांनी डबा बंद केला. डब्याच्या बटणानं नाही, भिंतीवरच्या.

ते लेकीबरोबर गेले आहेत. जाताना मला पुसून, उशीसकट कपाटात ठेवलं. डबाच बंद, तेव्हा मला जागं ठेवणारं कुणी नाही. दिवा मालवला आहे. अंधार आहे आणि बऱ्याच काळानं मी निवांत आहे. तरी अधूनमधून खळग्यात काहीतरी टेकतं, आणि माझी काडी जराशी डावीकडे जाते. पडदा नसल्यामुळे कोण कुठं चाललंय ते मला दिसत नाही.

तुमच्याही घरात असा एखादा असेल, हात न लावता चालणारा. दुरुस्त जरूर करा. पण पाठ उघडण्याआधी एकदा त्याला सोडून द्या, आणि हाक न मारता नुसतं बघा, तो कुठल्या भिंतीला लागतो ते.