दहापैकी तीन

पुण्यात, वारज्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात एक ठराव एकमताने मंजूर झाला होता. आपल्याकडे सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरसुद्धा एकमत होत नाही, तेव्हा याचं कौतुक करायला हवं. ठराव असा होता: उत्कर्षासमोर तिच्या वडिलांचं नाव काढायचं नाही.

वडील म्हणजे योगेश. वय सत्तेचाळीस. गेल्या ऑक्टोबरात एका बुधवारी कंपनीत खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. चौदाव्या दिवशी लातूरकडचे नातेवाईक हॉलमध्ये जमले. याच घरात राहणारे योगेशचे वडील उत्तरेश्वरअण्णा म्हणाले की लेकरू सोळा वर्षांचं आहे, आठवणी काढून त्याला रडवू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. उत्कर्षा आत झोपली आहे अशी सर्वांची समजूत होती. ती जागी होती. पण बंद दारातून तिला नुसती कुजबुज ऐकू आली, आणि तिचं मत तर कुणी मागितलंच नव्हतं.

अंमलबजावणी इतकी चोख झाली की सरकारने शिकून घ्यावं. योगेशचा फोटो दिवाणात गाद्यांखाली गेला. स्कूटरवर कव्हर चढलं. हॉलमधलं कॅलेंडर वर्ष संपायच्या आत भिंतीवरून उतरलं. आणि रविवारची सुशीला बंद झाली. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, मिरची-कांद्याचा, लातूरकडचा नाश्ता. दर रविवारी तो योगेश स्वतः करायचा आणि लेकीकडून दहापैकी मार्क मागायचा. ती ते कॅलेंडरवर त्या त्या रविवारच्या चौकोनात लिहायची. पाचाच्या वर फारसं कधी गेलं नाही.

पुढे उत्कर्षाचं कॉलेज सुटलं. मग केस विंचरणं सुटलं, मग जेवण अर्ध्यावर आलं. तिने मोबाइल बघणंही सोडलं, तेव्हा मात्र तिची आई श्रद्धा हादरली. सोळा वर्षांची पोर मोबाइल बघत नाही, याहून गंभीर लक्षण कुठल्या घराला माहीत असणार?

शेजारीपाजारी सांगितलं होतं की तिला व्हायरल आहे. आठ महिने टिकणारा व्हायरल वैद्यकशास्त्राला नवीन होता, पण खालच्या विजयमालाबाईंनी शंका न काढता अक्रोड पाठवले. अण्णांनी पहाटे उठण्याचा उपाय सुचवला. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, असंही ते रोज सांगत. होतं सगळं. फक्त विचारत कुणी नव्हतं.

जूनमध्ये योगेशची थोरली बहीण नंदा आली. एसटीत कंडक्टर म्हणून सत्तावीस वर्षं काढून ती नुकतीच निवृत्त झाली होती; तेरावा उरकून लगेच ड्यूटीवर परतल्यामुळे ठरावाच्या वेळी ती हजर नव्हती. स्वारगेटला उतरून शहर बसने वारज्याला येताना तिने तिथल्या कंडक्टरला गर्दी मागे कशी सरकवायची याचं मोफत प्रशिक्षण दिलं होतं. घरात येऊन पाणी प्यायली, भिंतींकडे पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "योगेशचा फोटो कुठाय?"

श्रद्धाने सवयीने आधी आतल्या खोलीचं दार लोटलं. मग हळू आवाजात ठराव सांगितला.

"आस्सं," नंदा म्हणाली. "म्हणजे माझा भाऊ एकदा देवानं नेला, आन् राहिलेला तुम्ही गाद्यांखाली घातला."

अण्णा खाकरले. नंदाने दिवाण उघडला, फोटो काढला, पदराने पुसला आणि होता त्या खिळ्यावर लावला. मग स्वयंपाकघरात जाऊन चुरमुरे भिजत घातले.

फोडणीचा वास आत पोहोचला आणि दार उघडलं. चार दिवसांत उत्कर्षा पहिल्यांदाच न बोलावता बाहेर आली होती.

"आत्या, ते करू नकोस."

"कामून?"

"मी बाबाला तीन दिले होते."

नंदाने गॅस बंद केला.

"शेवटच्या रविवारी. दहापैकी तीन. मी चिडले होते, का ते आठवतही नाही. बाबा म्हणाला, पुढच्या रविवारी बघ. आणि मग यांनी कॅलेंडरच काढून टाकलं." तिने भिंतीकडे बोट दाखवलं. "मला वाटलं, सगळ्यांनी ते तीन पाहिले. म्हणून माझ्यासमोर कुणी त्याचं नाव काढत नाही."

वाचकहो, बघा काय झालं होतं! पोरीला जपायचं म्हणून सगळे आठ महिने गप्प राहिले, आणि पोर ती शिक्षा समजून भोगत होती. श्रद्धाने तोंडाला पदर लावला.

नंदा स्टुलावर बसली. "त्या रविवारी त्याचा मला फोन आला होता. हसत होता. म्हणला, ताई, आज मीठच टाकायचं विसरलो. श्रद्धानं आन् अण्णांनी गपगुमान खाल्लं. माझी पोरगी तेवढी खरं बोलली, तीन दिले."

"खरंच?"

"सत्तावीस वर्षं लोकांचं खोटं ऐकलंय बाई. मला सोताला जमत नाही."

उत्कर्षा रडली. आठ महिन्यांचं एकदम आलं, त्यामुळे वेळ लागला. शांत झाल्यावर ती म्हणाली, "तरी पण आत्या, मला सकाळी उठावंसंच वाटत नाही. कशासाठी उठायचं, कळत नाही."

नंदा म्हणाली, "उद्याच डॉक्टरकडं जायचं. मनाच्या."

अण्णांना राहवलं नाही. आता रडली ना, झालं ना मोकळं, उगाच वेड्याचे डॉक्टर कशाला, लोक काय म्हणतील, असं बरंच बोलले.

"अण्णा, घाटात गाडी बंद पडली की आम्ही सगळे प्याशिंजर उतरवून धक्का मारायचो. गाडी सुरू व्हायची. म्हणून डेपोत मेकॅनिकला दाखवत नव्हतो का? धक्का आपण मारायचा, इंजिन त्यानं बघायचं. आन् तुमचे गुडघे दाखवायला जाता, तवा लोक काय म्हणतात?"

अण्णांनी आठवून पाहिलं. गुडघ्यांविषयी लोक काहीच म्हणत नव्हते. त्यांना थोडं वाईटच वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते हट्टाने सोबत गेले. डॉक्टरबाईंनी उत्कर्षाचं सगळं ऐकून घेतलं, औषध दिलं, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. मग सहज अण्णांना विचारलं, आपण कसे आहात? अण्णा मुलाबद्दल पाऊण तास बोलले. बाहेर आले तेव्हा त्यांच्याही हातात पुढच्या मंगळवारची चिठ्ठी होती.

जादू झाली नाही. काही दिवस बरे गेले, काही अंथरुणातच गेले. पण श्रद्धाने विजयमालाबाईंना खरं सांगितलं: व्हायरल नाही, नैराश्य आहे, उपचार चालू आहेत. विजयमालाबाई म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीलाही होतं. आम्ही ॲसिडिटी सांगायचो."

ऑगस्टमधल्या एका रविवारी अण्णांनी सुशीला करायला घेतली. आयुष्यात प्रथमच गॅसपाशी उभे राहिल्यामुळे त्यांनी चुरमुरे तासभर भिजवले. बशीत जे आलं त्याला लापशी म्हणता आलं असतं. हॉलमध्ये नवं कॅलेंडर होतं, समोर योगेशचा फोटो. उत्कर्षाने, केस विंचरून, दोन घास खाल्ले, पेन घेतलं आणि चौकोनात आकडा लिहिला.

"दोन?" अण्णा दुखावले.

"बाबाला तीन होते. त्याचे चुरमुरे तरी दिसायचे."

कुणीही विषय बदलला नाही. अण्णा इतके हसले की डोळे पुसावे लागले, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

तर मंडळी, गेलेल्या माणसाचं नाव घेतल्याने कुणी आजारी पडत नाही. ते गिळून बसल्याने पडतं. घरात दुःख आलं तर त्याला गाद्यांखाली घालू नका, सगळ्यांमध्ये बसवा. पोर गप्प झालं तर उपदेश आवरा, विचारा, ऐका, आणि गुडघ्यांसाठी जाता तसे निर्धास्त डॉक्टरकडे जा.

अण्णा म्हणालेत, पुढच्या रविवारी बघ. त्यांना चार हवे आहेत.