अंथरुणावर केस धुण्याची रीत

'लेखकराव' हे नाव त्याला बायकोने ठेवलेलं, आणि त्यात कौतुक कमी, चिमटा जास्त. आठवडाभर कचेरीत नकाशे काढायचे आणि सुट्टीला ब्लॉगवर लांबलचक प्रवासवर्णनं लिहायची, हा त्याचा नेम. या महिन्यात वाचक एकदम दहापट वाढले आणि स्वारी हवेत गेली.

रविवारी सकाळी, लोक काय शोधत आपल्याकडे येतात ती यादी त्याने मोठ्या हौसेने उघडली आणि कपाळाला हात लावला. डोंगर नाहीत, दीपस्तंभ नाहीत. शंभरातले नव्वद जण एकच शोधत आले होते: 'अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे केस कसे धुवायचे'.

तो लेख त्याने विषय सुचेना म्हणून अर्ध्या तासात खरडला होता. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या सासूबाईंनी आपल्या आजारी बहिणीचे केस खाटेवरच कसे धुतले, एवढंच त्यात होतं. टॉवेलची गुंडाळी मानेभोवती घोड्याच्या नालासारखी ठेवायची, तिच्यावर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकचं टोक खाली बादलीत. उशीसुद्धा भिजली नव्हती.

"उडवतोच हा लेख. ब्लॉगचा पार दवाखाना झालाय."

"उडव की," बायको म्हणाली. "मग बसा तू आणि तुझे दीपस्तंभ."

उडवण्याआधी त्याने लेखाखालच्या प्रतिक्रिया चाळल्या. शेवटची, कुणा मुलाची, नुकतीच आलेली होती. 'तुम्ही लिहिलंत तसंच केलं. पाणी पडताच आई रडायला लागली. आता डोक्याला हात लावू देत नाही. केसांचा गुंता झालाय. उद्या बहीण येऊन कापून टाकणार आहे. कमरेपर्यंत आहेत हो. काही करता येईल का?'

लेखकरावांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. लॅपटॉप घेऊन ते मुकाट्याने स्वयंपाकघरात गेले. शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंनी चष्मा लावून मजकूर दोनदा वाचला.

"विचारा त्याला, पाणी ओततोय असं आधी सांगितलं होतं का?"

उत्तर लगेच आलं. नव्हतं सांगितलं.

"मग रडेल नाही तर काय करेल बिचारी! लिहा, जावईबापू. हात चालत असेल तर पेला तिच्याच हातात द्यायचा, खालून आपला आधार. पहिलं पाणी तिने ओतायचं. तिला हवं तेव्हा, हवं तेवढं. डोळ्यांवर घडी घातलेला रुमाल ठेवा. रडली तर रडू द्या. रुमाल ती काढेपर्यंत आपण काढायचा नाही."

तो लिहीत गेला. या बाईंनी पस्तीस वर्षं वॉर्डात काढली होती आणि दहा वर्षांत त्याने त्यांना त्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्यांच्याबद्दल इतका आदर वाटला की लेख उडवायचं तो विसरूनच गेला.

संध्याकाळी उत्तर आलं. त्याने ते सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं.

'बहिणीला कात्री आणू नकोस म्हणून कळवलंय. तीन पेले आईने स्वतः ओतले. चौथ्याला म्हणाली, दमले रे, आता तू ओत.'